घरची वाट

मढच्या गेणभाऊची विद्या सांगायला सोपी होती. जनावराच्या पावलाखालची माती उशाला घ्यायची, भर दुपारी ते झोपलं की आपणही झोपायचं, त्याच्या सपनात शिरायचं आणि त्याला रानातली वाट दाखवायची. उठलं की ते मुकाट त्या वाटेला लागतं. पण दाखवलेली वाट आपण कायमची विसरतो. चाळीस वर्षांत गेणभाऊच्या सगळ्या वाटा अशाच गेल्या. स्वतःच्या झापाची, डोंगरातल्या खोपटाची, तेवढी उरली होती.

महाळुंगे पडवळच्या दादाभाऊंच्या उसात बिबट्याची मादी होती. "दोन कालवडी नेल्या, परवा खुरपणीला आलेल्या कुशाबाईला धरलं. तिला डोंगरात धाडा, भाऊ," दादाभाऊंनी हात जोडले. गेणभाऊचा जीव कळवळला. तो बांधावरच आडवा झाला.

सपनात त्यानं तिला झापाची वाट दाखवली: कारवीचं रान, ओढा, भाताची खाचरं. मादी नुसती बघत बसली. यातलं तिनं जन्मात काही पाहिलं नव्हतं.

"घरी जा की गं बये!" तो वैतागून ओरडला.

तशी ती उठली आणि पुढं होऊन तिनंच त्याला आपलं घर दाखवलं. उसाची सरी, पाटाचं पाणी, पाचटावरची ऊब. ती जन्मलीच तिथं होती.

गेणभाऊला जाग आली.

"गेली का?" दादाभाऊंनी विचारलं.

"न्हाई. ती घरीच हाय."

दादाभाऊंनी त्याला मोटारसायकलवरून मढला आणलं. फाट्यावर गाडी थांबवून त्यांनी विचारलं, "तुमचा झाप कुठल्या अंगाला?"

गेणभाऊनं डोंगरावर नजर फिरवली; एकही वाट ओळखीची वाटेना.

"उसात असंल, राव," तो म्हणाला.