चकतीची कड

औशाच्या अलीकडच्या उतारावर ब्रेक दाबला की पेडल थरथरायचं. फार नाही, मांडीवर झोपलेल्या लेकराला उचकी लागावी तेवढंच. महामायाच्या उजव्या पायाला ते तीन दिवसांपासून कळत होतं. मागं बसलेल्या पाच पोरींना मात्र पत्ता नव्हता. त्या सूत्रं घोकत तरी असायच्या, नाहीतर खिडकीवरून भांडत तरी.

किल्लारीहून पोरी लातूरला शिकवणीला आणायच्या आणि सुटल्या की परत न्यायच्या, हा महामायाचा धंदा. त्याआधी अकरा वर्षं ती डाळ मिलमध्ये कामाला होती. गाडी घेतली तेव्हा पाचांतल्या उज्वलाचे वडील गुरुपादप्पा चारचौघांत म्हणाले होते, "बाईच्या हातात स्टेरिंग हाय. एक डाव जरी गाडी बंद पडली, की माझी पोरगी जीपनं जाईल." बाकीचे चार बाप गुरुपादप्पांच्या तोंडाकडं बघून हसायचं का नाही ते ठरवणारे. म्हणजे एक पोरगी गेली की पाची गेल्या.

त्या दिवशी पोरी वर्गात शिरल्यावर तिनं गाडी अण्णाराव मिस्त्रींच्या गॅरेजला लावली. अण्णारावांनी पुढचं चाक काढलं, आत डोकावले आणि लगेच मान हलवली.

"ब्रेकचे पॅड गेलेत. नवे टाकतो. अर्ध्या तासात मोकळ्या व्हा, ताई."

"आन् डिस्क?"

पॅड ज्या लोखंडी चकतीला धरतात, तिच्यावरून अण्णारावांनी अंगठ्याचं नख फिरवलं. "चीर न्हाई, चरा न्हाई. फस्कलास हाय."

"मोजा की."

"पंचवीस वर्षं हेच करून राहिलो मी. नखाला सगळं कळतंय."

"नखावर आकडे न्हाईत, मिस्त्री. मोजा."

अण्णारावांनी पेटीच्या तळातून जाडी मोजायचा व्हर्नियर शोधला, पँटीला पुसला आणि चकतीला लावला. "एकवीस पूर्णांक दोन. आता हितं चकतीवरच कोरलंय बघा, वीसच्या खाली गेली तर फेकायची. मिलीमीटरभर माल अजून बाकी हाय. झालं समाधान?"

नव्हतं झालं. आकडा बरोबर होता, पण पाय ऐकत नव्हता. तिनं पदर खोचला, उकिडवी बसली आणि चकतीवर बोट टेकवून बाहेरून आत सरकवलं. बाहेरच्या अंगाला गंजलेली, करंगळीच्या नखाएवढी कड होती. पॅड तिथवर पोचतच नव्हता. बोट कडेवरून खाली उतरलं. घराचा उंबरा उतरावा तसं.

हा उंबरा तिनं आधी पाहिला होता. मिलमध्ये डाळ सोलायचा खरखरीत रोल मधोमध झिजायचा आणि कडा जशाच्या तशा राहायच्या. एका मुकादमानं कडेवर माप धरलं आणि रोल चांगला असल्याचं सांगून टाकलं. मग आठ दिवस नुसता चुरा पडला, आणि बोलणी खाल्ली निवडणाऱ्या बायकांनी. महामायाला तेव्हाही कळलं होतं. ती गप्प बसली होती.

"मिस्त्री, तुमचं माप कडेवर बसलंय. पॅड घासतो मधी."

"मग आत कसं घालू? कड आडवी येती ना."

तिनं पाकिटातून रुपयाची दोन नाणी काढली. "आधी हे दोन एकावर एक ठेवून मोजा."

"दोन पूर्णांक नऊ. हे कशाला आता?"

"आता एक ह्या अंगाला, एक त्या अंगाला. पॅड घासतो त्या जागी मी धरते. तुम्ही नाण्यांवरून माप घ्या. मग कड मधी येत न्हाई."

तिची बोटं काळी झाली. अण्णारावांनी माप वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं. "एकवीस सात."

"त्यातनं नाणी काढा."

त्यांचे ओठ हलले. "अठरा आठ," ते म्हणाले. "वीसच्या खाली."

नव्या चकत्यांची जोडी नांदेडहून एस्टीच्या पार्सलनं उद्या दुपारी येणार होती. "आजच्या दिवस नव्या पॅडवर चालवा," अण्णाराव आवाज उतरवून म्हणाले. "चाळीसच्या वर जाऊ नका. लोकं तर सोळावर बी फिरवतात."

चाळीसनं गेली असती तर कुणाला काही कळलंही नसतं. गुरुपादप्पांनाही नाही. महामायानं औशाचा उतार डोळ्यांपुढं आणला, समोरून येणारी उसाची ट्रॉली आणली, आणि मागच्या सीटवरच्या पाच वेण्या.

"गाडी हितंच राहू द्या. दुसरं चाक खोला. आन् ही चकती काढून मला द्या."

"भंगार कशाला नेता?"

"दाखवायला."

तिनं पाचही घरी स्वतः फोन केले. गुरुपादप्पा म्हणाले, "म्हणलो होतो का न्हाई मी?"

"हाव, म्हणला होता. एस्टीनं आणते पोरींना. साडेसहाला फाट्यावर या."

पोरींना एस्टीचं भलतंच अप्रूप. वाटेतल्या लामजन्यापर्यंत त्यांनी पाव किलो शेंगा संपवल्या. महामाया मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. आतल्या चकतीच्या वजनानं तिचे पाय बधिर झाले होते.

किल्लारीच्या फाट्यावर गुरुपादप्पा उभेच होते. "जीपवाल्याला सांगून ठेवलंय," त्यांनी सुरुवात केली.

महामायानं पिशवी त्यांच्या हातात दिली. "हात लावून बघा. कडेवरून आत."

गुरुपादप्पा शेतकरी माणूस. झिजलेल्या लोखंडाची त्यांना ओळख होती. त्यांचा अंगठा कडेवरून खाली उतरला आणि थांबला. त्यांनी परत एकदा उतरवून पाहिला.

"मिस्त्रीनं चालवू नका म्हणून सांगितलं?"

"त्यानं चालवा म्हणून सांगितलं."

उज्वला मध्येच म्हणाली, "आप्पा, भूक लागलीय." कुणी लक्ष दिलं नाही.

"दुसऱ्या चाकाचं?" त्यांनी विचारलं.

"तेबी मोजलंय. एकोणीस. दोन्ही चकत्या नव्या पडतील."

गुरुपादप्पांनी चकती पिशवीत ठेवली, पण पिशवी परत दिली नाही; महामायाच्या घराच्या दिशेनं स्वतःच घेऊन चालू लागले. दहा पावलांवर, मागं न बघता, विचारलं, "मग उद्या किती वाजता?"

"उद्या एस्टीच," महामाया म्हणाली. "परवा सहाला. पोरगी वेळेवर उभी पाहिजे."