खाली ठेवलेला पेला

सोमण गुरुजी आठवले की दोन गंध एकत्र येतात, उपरण्यातल्या चंदनाचा आणि वेलदोडा घातलेल्या कहव्याचा, त्या अरबी कॉफीचा. बाळांनो, सत्तरच्या दशकातल्या बहारीनच्या मनामा शहरात, सूक म्हणजे जुन्या बाजारातल्या कापडदुकानांच्या माडीवर, आपल्या माणसांचं एक देवघर होतं. गुरुजी तिथले पुजारी. बाहेर पांढरंफटक ऊन गल्लीला मुकं करून टाकी, तेव्हा त्यांचा खर्जातला स्वर रांजणातल्या पाण्यासारखा गार वाटे.

दर गुरुवारी एका वयोवृद्ध शेखांची गाडी त्यांना न्यायला येई. शेखांचं तारुण्य मुंबईच्या मोतीबाजारात गेलेलं, हिंदी ते तिथेच शिकले. त्यांच्या मजलिशीत, घरच्या बैठकीत, मोठमोठी माणसं काही ना काही मागायला येत. गुरुजी मात्र वाऱ्याविषयी, ताऱ्यांविषयी, वार्धक्याविषयी बोलत. घरातल्या तंट्यापासून मुलांच्या सोयरिकीपर्यंत शेख त्यांचा सल्ला घेत. तुमचे आजोबा शेखांच्या कचेरीत होते, म्हणून मला हे ठाऊक.

पहिल्याच दिवशी गुरुजींनी सोवळ्यापायी कहव्याचा पेला तसाच खाली ठेवला आणि मजलिस स्तब्ध झाली. तिथला रिवाज असा, की पाहुण्याने न पिता पेला ठेवला तर त्याला काही मागायचं असतं. यजमानाने होकार दिल्यावरच तो पितो.

"मांगिए, गुरुजी," शेख म्हणाले.

शेजारी बसलेल्या आजोबांनी अर्थ सांगताच गुरुजींनी पेला उचलला आणि एका घोटात रिकामा केला.

"सोवळं बुडालं की हो," परतताना आजोबांनी चिडवलं.

"बुडू दे. मागण्यापेक्षा पिणं बरं."

मग वर्षानुवर्षं ते पीतच राहिले. लोक विनवत, शेखांपाशी एक शब्द टाका. गुरुजी हसून म्हणत, "देवापाशी टाकतो."

एकदा गुहागरचा शंकर ड्रायव्हर देवघराच्या पायरीवर येऊन बसला. गावी वडील शेवटच्या घटका मोजत होते, हा एकुलता एक. पासपोर्ट मालकाच्या तिजोरीत आणि मालक परदेशी. "गुरुजी, बापाच्या तोंडात पाणी कोण घालणार?" एवढंच तो म्हणाला.

त्या गुरुवारी त्यांनी पेला खाली ठेवला.

शेख बराच वेळ त्या पेल्याकडे पाहत राहिले. "इतने सालों बाद?"

"अपने लिए नहीं."

"खलास, हो गया. अब पी लीजिए."

शंकर वेळेवर पोहोचला. बापाने पाणी घेतलं ते मुलाच्याच हातून.

पुढच्या गुरुवारी गाडी आली, तेव्हा गुरुजींनी शेखांसाठी प्रसादाची फळं दिली आणि स्वतः न बसता गाडी परत पाठवली. मला राहवेना. "असं का, गुरुजी?"

"वहिनी, मला काही नको होतं म्हणून ते माझं ऐकत. आता मी मागणाऱ्यांतला झालो."

चेहऱ्यावर खंत नव्हती. ओहोटीनंतर किनाऱ्यावर पसरतो तसा स्वच्छ उजेड होता. पुढे मी पुष्कळ मानाची माणसं पाहिली; पण मिळालेला मान दुसऱ्यासाठी असा एका क्षणात खर्चून टाकणाऱ्या माणसाच्या शेजारी आपण राहिलो, याचा अभिमान मला अजून पुरतो.

शेख हयात असेपर्यंत, आजोबा सांगत, दर गुरुवारी गुरुजींच्या जागेपुढे एक पेला भरून ठेवला जाई. त्याला कुणी हात लावत नसे. या वेळी मागणारे शेख होते; गुरुजींनी परत यावं, एवढंच त्यांचं मागणं.

आता ते दोघेही नाहीत, आजोबाही नाहीत. काळ माणसं उचलून नेतो, त्यांच्यापुढचा पेला मात्र तसाच राहतो. कहवा कधीच निवलेला असतो, आणि वेलदोडा दरवळत असतो.