ऑर्व्हिलच्या पानांवरची चकती

तांब्याची एक चकती, जुन्या डॉलरच्या नाण्याएवढी, पण जरा जाड: ती मी. ईली गावच्या तांब्याच्या खाणीत ऑर्व्हिल लिंडक्विस्ट यंत्रं दुरुस्त करायचा. एका झिजलेल्या भागातून जेवणाच्या सुट्टीत त्याने मला कापलं, घासून गुळगुळीत केलं आणि पोकरला बसला की आपल्या दोन उपड्या पानांवर ठेवायला लागला. पानांवर वजन असलं की वाटणाऱ्याला कळतं, हा गडी अजून डावात आहे. नाहीतर टाकलेली समजून पानं कधी उचलली जातील, सांगता येत नाही.

सव्वीस वर्षं मी त्याच्यासमोर बसले. माणसं पानं बघून खूश होतात, पानं बघून घाबरतात. ऑर्व्हिल पानं एकदाच बघायचा आणि मग समोरच्याकडे बघत राहायचा.

टपाल वाटणाऱ्या कॉनी बरेलाला खेळ त्यानेच शिकवला. "प्रत्येक बोली म्हणजे समोरच्याने सांगितलेली गोष्ट असते," तो म्हणायचा. "पहिल्यापासून आठव. मधेच कुठे जुळली नाही, तर समज, थाप आहे."

"आणि जुळली तर?"

"तर गप पानं टाकायची आणि कॉफी प्यायची."

दोघांनी एकमेकांना किती वेळा लुटलं असेल! पण बाहेर पडल्यावर तिच्या गाडीची काच तोच पुसून द्यायचा.

दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा मला कळलं. एका डावात ऑर्व्हिलने मला दोनदा उचललं. हातात कुठली पानं आहेत, तेच तो विसरला होता. पुढे तीनदा, चारदा. कोणी किती लावलं, आधी कोण बोललं, याचा क्रम त्याच्या डोक्यातून निसटायला लागला.

"आजोबा, पानं बदलली नाहीत अजून!" कोणीतरी टोमणा मारायचं. तोही हसायचा. पण टेबलाखाली त्याचा हात गुडघा दाबत असायचा.

कॉनीनेही ते ओळखलं. त्याने मला दुसऱ्यांदा उचललं, की ती मोठी बोली लावायची. त्याबद्दल मी तिला दोष देत नाही. समोरच्याचं दुबळेपण हेरायचं, हाच तो खेळ.

गेल्या मार्चमध्ये खाणकामगारांच्या हॉलमध्ये मोठी स्पर्धा झाली. जिंकणाऱ्याला लास व्हेगासच्या स्पर्धेत जागा. त्रेचाळीस जण बसले. दुपारी चारपर्यंत तिघे उरले, त्यातला एक बाहेर सिगारेट ओढायला गेला होता. समोरासमोर राहिले ऑर्व्हिल आणि कॉनी.

ऑर्व्हिलकडे दोन राण्या होत्या. टेबलावर सगळ्यांसाठी सामाईक तीन पानं उघडली: राणी, अठ्ठी, तिर्री, त्यातली दोन बदामाची. त्याने बोली लावली. कॉनीने तेवढीच लावली, गप्प. चौथं पान दुर्री. पुन्हा तो बोलला, पुन्हा ती गप्प. पाचवं पान बदामाची छक्की.

"सगळ्या," कॉनी म्हणाली आणि तिने सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या.

तिची गोष्ट उघड होती: बदामाची वाट बघत होते, आलं. पाच बदाम जुळले, तर ऑर्व्हिलच्या तीन राण्याही हरतात. ऑर्व्हिलकडे तिच्यापेक्षा थोड्याच जास्त चिप्स होत्या. चुकला असता तर जवळजवळ संपला असता.

त्याने मला उचललं. पण पानं बघायला नाही! अंगठा माझ्यावरून हळूहळू फिरला. "बदामाची वाट बघत कॉनी कधी गप्प बसत नाही," तो ओठांतल्या ओठांत पुटपुटला. "आधीच अंगावर येते." सगळा क्रम त्याला लख्ख आठवत होता. आता तो मला चिप्सवर ठेवून त्या पुढे सारणार होता. होकार द्यायची त्याची हीच रीत. तेवढ्यात त्याच्या बाहीने पानं बोटभर पुढे सरकली आणि वाटणाऱ्या जोलीनने ती उचलून टाकलेल्या पानांच्या ढिगावर ठेवली.

"अगं, मी टाकली नाहीत!" ऑर्व्हिल ओरडला.

जोलीन गोरीमोरी झाली. "पानांवर काहीच नव्हतं. मला वाटलं..."

हॉलचा व्यवस्थापक मर्ल धावत आला. "पानं अजून वरच आहेत. टाकली नसतील तर परत देता येतील." त्याने कॉनीकडे पाहिलं. "तू समोर होतीस. टाकली का त्याने?"

कॉनीने पाहिलं होतं. सगळं पाहिलं होतं. ती आपल्या चिप्सकडे बघत राहिली.

"टाकली," ती म्हणाली.

ऑर्व्हिलने मला इतकं घट्ट आवळलं, की माझी कड त्याच्या तळव्यात रुतली. मग मूठ सैल पडली.

"मग टाकली असतील," तो म्हणाला. "कॉनी कशाला खोटं बोलेल?"

उरलेल्या चिप्स त्याने दोन डावांत घालवल्या. जिंकलेल्या कॉनीच्या हातात मला ठेवून म्हणाला, "हिला व्हेगासला ने. मला आता माझाच भरवसा राहिला नाही." त्याच आठवड्यात त्याने गाडीच्या किल्ल्या लेकीला दिल्या. डॉक्टरला त्याने तोच डाव सांगितला, आपण विसरतो याचा पुरावा म्हणून.

स्पर्धेच्या त्या दिवशी गाडीत कॉनीने दार लावून घेतलं आणि मला म्हणाली, "गुलाम आणि दश्शी. काहीच नव्हतं माझ्याकडे." व्हेगासला पहिल्याच दिवशी ती बाद झाली.

आता ऑर्व्हिल वृद्धाश्रमात असतो. दर बुधवारी कॉनी त्याच्यासाठी जर्दाळू भरलेली पेस्ट्री घेऊन जाते. मी तिच्या कोटाच्या खिशात असते. मागच्या बुधवारी त्याने घास हातात धरून विचारलं, "कॉनी, मी ती पानं कशी गं टाकली? मला तर ती माझ्यासमोरच दिसतात."

"टाकलीस रे. खा आता."

मला तोंड असतं, तर तिथेच ओरडले असते. कॉनी, तो लेकीचं नाव विसरलाय. नर्सला रोज नव्याने ओळख विचारतो. तुझं नाव अजून त्याच्या तोंडात आहे, तोवर सांग त्याला. पुढच्याच बुधवारी सांग.