झाकणाचा स्विच

लातूरला रेवणसिद्ध अप्पांची डाळमिल होती. तिथली भरडायची मशीन सारखी बंद पडायची. पट्ट्यावरचं झाकण उघडलं की मशीन थांबवणारा एक स्विच त्यात होता, पण झाकण बंद असतानाही ती थांबे. अप्पा वैतागून गेले होते. त्यांचा मुलगा रुद्रेश नांदेडला इंजिनिअरिंगला, विषय ऑटोमेशन. दिवाळीच्या सुट्टीत त्यानं त्या स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडून टाकल्या. मशीनचं असं थांबणं बंद झालं.

पुढे त्याचा वर्ग मिल बघायला आला. बरोबर त्यांच्या शिक्षिका मृण्मयी मॅडम होत्या. अप्पा कौतुकानं म्हणाले, "मॅडम, पोराचं डोकं बघा. त्यानं स्विचच्या वायरी जोडल्या, तवापासून मशीन एकदा बी थांबली न्हाई."

मॅडमनी रुद्रेशला विचारलं, "झाकण उघडल्यावर काय व्हायला हवं?"

"मशीन थांबायला हवी."

"मग ते बघ."

मिलमधल्या कामगार सरजाबाई झाकण उघडून, चालत्या पट्ट्याशेजारी अडकलेली टरफलं हातानं काढत होत्या. त्यांचा पदर पट्ट्याच्या अगदी जवळ लोंबत होता. वायरी जोडताना इथं कुणाचा हात जाईल, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

"बाई जुन्या हायत, त्यांना सवय हाय," अप्पा म्हणाले.

"सवय झालेला माणूस बेसावध होतो, अप्पा. म्हणून तर तो स्विच बसवलाय," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "मशीन का थांबते, हे शोधलं होतं का कुणी?"

कुणीच शोधलं नव्हतं. रुद्रेशनं मेन स्विच पाडला आणि जोडलेल्या वायरी सोडवून पुन्हा स्विचला लावल्या. मशीन सुरू केली, तर थोड्या वेळात ती पुन्हा थांबली.

"झालं का सुरू!" अप्पा चिडले.

पोरांनी झाकण हलवून पाहिलं. बिजागरीचे स्क्रू सैल होते, त्यामुळे झाकण थरथरून किंचित उचललं जात होतं आणि ते उघडलंय असं समजून स्विच मशीन थांबवत होता. स्क्रू आवळले. मशीन चालू झाली ती चालूच राहिली. मग सरजाबाईंनी झाकण उघडलं, तशी ती जागीच थांबली. त्यांनी जरा वाट पाहिली आणि मग हात घातला.

"सरजाबाई," अप्पा म्हणाले, "थांबली तर थांबू द्या. घाई न्हाई."

मंडळी, काम अडतं म्हणून धोक्याची सूचनाच बंद करायची खोड आपल्या सगळ्यांना आहे. सूचना का मिळते आहे, ते आधी शोधावं. शिकलेल्या हातांचं पहिलं काम तेच आहे.