सातव्या पानाचं अस्तर

मी एका साध्या सैनिकाची फाईल बोलतेय. सेनापतीची नाही, तेव्हा सरसावून बसू नका. माझ्यात आहे एक टेलिफोनच्या तारा जोडणारा माणूस: त्याची उंची, छाती, उजव्या भुवईवरचा तीळ आणि एकूण बारा पानं. बारा! तेवढीही कुणाला उलटवत नाहीत.

भरतीच्या दिवशी एका घाईतल्या कारकुनानं मला शिवलं. पुढे युद्धभर माझा सैनिक पाठीवर तारेचं रीळ घेऊन धावला. तोफांनी तार तुटली की यानं पळायचं आणि जोडायची, हेच त्याचं काम. एका सकाळी तो हजेरीला नव्हता. चौकशी नाही, काही नाही! कारकुनानं पहिल्याच पानावर लाल शाईनं लिहून टाकलं, ‘पळाला.’ इतकं सुवाच्य अक्षर त्यानं आयुष्यात दुसरं काढलं नसेल.

महिन्याभरानं दुसऱ्याच तुकडीच्या इस्पितळातून चिठ्ठी आली. तोवर खुर्चीत नवा कारकून. त्याला मी डिंकराव म्हणते, कारण कागद दिसला की हा डिंक ओतायचा. त्यानं ती चिठ्ठी सातव्या पानाच्या मागे अशी काही थापली की आठवं पानही तिला घट्ट चिकटलं. झालं! खरी गोष्ट माझ्या पोटात आणि लाल शाई कपाळावर.

युद्ध संपलं. डोक्याला पट्टी बांधलेला माझा सैनिक इस्पितळातून थेट घरी गेला. इस्पितळात आपण पोचलो कसे, हे त्याला आठवेना. आळीत त्याचं नाव पडलं ‘पळपुटा’. हे मला कसं कळलं? त्याच्या मुलीच्या अर्जांवरून. तेही माझ्यातच लावलेत.

मुलगी शिवणकाम करते. ‘बाबा अंथरुणाला खिळलेत, त्या दिवशी काय झालं ते जाण्याआधी त्यांना कळू द्या,’ एवढीच तिची मागणी. तीन अर्ज केले तिनं. तिन्ही वेळा इथल्या लष्करी दप्तरखान्याच्या साहेबांनी माझं पहिलं पान पाहिलं आणि उत्तर धाडलं, ‘नोंदीनुसार पळाला.’ अहो, पान उलटा की! बोटं झिजतात का?

चौथ्यांदा ती स्वतःच येऊन टेबलाशी बसली.

“जपून हं बाई, जुनी फाईल आहे,” साहेब म्हणाले. जुनी म्हणे! तीनदा टेबलावर आपटलीत, तेव्हा नव्हते का मी जुनी?

ती एकेक पान चाचपत गेली आणि सातव्यावर थांबली. “साहेब, याला अस्तर आहे.”

“सरकारी कागदाला कसलं अस्तर, बाई?”

“हाताला लागतंय ना. मध्ये काहीतरी आहे.”

डिंक कधीच वाळून कडक झाला होता. शिवण उसवावी तसं कडेकडेनं नख फिरवत तिनं पानं सोडवली. साहेब नुसतेच “अहो, अहो” करत राहिले. मग चिठ्ठी त्यांनीच आधी वाचली आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली.

भिंतीवर ‘फोनवर बोलू नये’ अशी पाटी आहे. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, उठून दार लावलं आणि म्हणाले, “लावा फोन.”

“बाबा, ऐकू येतंय? ‘जखमी सैनिक कुठे सापडला’ या रकान्यात लिहिलंय: ‘आघाडीच्या पुढच्या ठाण्याजवळ, बेशुद्ध. तारेचं टोक मुठीत घट्ट.’”

पलीकडून एक थकलेला आवाज आला, “मला नुसतं पळताना आठवायचं गं. कुणीकडे, तेच आठवेना. साठ वर्षं वाटत आलं, लोक म्हणतात तेच खरं असेल.”

इतकी वर्षं मी कारकुनांवर चिडत होते. पण हा माणूस स्वतःलाच पळपुटा समजत होता, आणि उत्तर माझ्या पोटात पडून होतं! फार वाईट वाटलं मला.

आता साहेब लाल शाईवर रेघ मारायला कुणाची सही लागते ते शोधताहेत. शोधू देत. तुमच्या हाती माझ्यासारखी एखादी आलीच, तर हात जोडते, शेवटच्या पानापर्यंत जा. आमच्यात माणसं असतात हो.

फोन अजून चालू आहे. तो पुन्हा विचारतोय.

“म्हणजे मी पुढेच पळत होतो ना गं?”

“हो बाबा. पुढेच.”