केळुसकर मास्तर पोकर शिकतात

केळुसकर मास्तर १९६१ साली देवबागच्या शाळेतून निवृत्त झाले आणि दोन महिन्यांत पोकर खेळू लागले. हा खेळ गावात सत्यवान तांडेलाने आणला. बोटीवर वीस वर्षं काढून खलाशी घरी येतात तेव्हा घड्याळं, छत्र्या आणतात. सत्यवानाने हा आणला. रोज दुपारी जेवणं आटोपली की खाडीकाठच्या उंडीच्या झाडाखाली चटई पडे. सत्यवान, नारळाचे व्यापारी दत्ताराम, न्हावी धोंडू आणि मास्तर. प्रत्येकाने आधी एक काजूबी मध्ये ठेवायची, मग पाच पानं, नको ती बदलायची, मग ज्याला आपली पानं भारी वाटतील त्याने आणखी बिया लावायच्या; बाकीच्यांनी तेवढ्याच लावायच्या, नाहीतर पानं टाकून डाव सोडायचा. भारी नसली तरी लावायच्या आणि समोरच्याला घाबरवायचं. याला सत्यवान ‘हूल’ म्हणे.

मास्तर रोज हरत. पण छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या माणसाला स्वतःची चूक सापडायला कितीसा वेळ? त्यांनी वही घातली. हरलेला प्रत्येक डाव तीत लिहायचा आणि शेजारी लाल शाईने शेरा मारायचा. ‘पाने वाईट आली.’ ‘धोंडूने विडी पेटवली, लक्ष विचलित.’ ‘वारा.’ खाली गुण. पहिल्या आठवड्यात ते उत्तीर्ण झाले, दुसऱ्यात त्यांना पहिला वर्ग मिळाला. हरणं तेवढं चालूच राहिलं.

मग मोठ्या मनाने त्यांनी इतरांचंही मत घेतलं.

“माझ्या खेळात काही उणीव आढळते का?” चटईवर बसून त्यांनी पुस्तकी मराठीत विचारलं.

“छे छे!” दत्ताराम म्हणाले. “तुमी असेच खेळत रव्हा, मास्तर.”

धोंडूने जोरात मान डोलावली. सत्यवान खाडीकडे बघत राहिला. मास्तरांनी अभिप्राय वहीत उतरवून घेतला.

खरं काय ते घरी कळलं. उंडीजवळच्या विहिरीवर त्यांची बायको सुगंधा दुपारी पाण्याला येई.

“चांगली पानां इली की तुमी घसो खाकरतात,” ती म्हणाली. “शाळेत निकाल वाचूच्या आदी खाकरी होतात, तसो.”

“तुका पोकरातला काय कळता गो?”

“पोकरातला काय कळना नाय. तुमचा कळता.”

दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या हातात तीन एक्के आले. त्यांनी घसा खाकरला, आणि तिघांनीही मुकाट पानं खाली टाकली. मास्तर चपापले. पुढच्या डावात हातात निव्वळ कचरा असताना त्यांनी मुद्दाम खाकरून मूठभर बिया लावल्या. पुन्हा तिघांनी पानं टाकली!

दुसरा कुणी इथे गप्प बसला असता. पण मास्तरांना एखादी गोष्ट कळली की ती शिकवल्यावाचून राहवत नसे. त्यांनी पानं उलटी करून दाखवली आणि घसा का, कधी, कसा, ते सगळं समजावलं. धोंडूला नीट समजलं नाही, म्हणून त्याला दोनदा. पुढचे सहा दिवस ते सपाटून हरले.

शेवटी सत्यवान एकटा जाळं विणत बसलेला बघून मास्तर त्याच्याजवळ गेले. आता पुस्तकी भाषा गळाली होती.

“सत्यवाना, खरां सांग. माझा खंय चुकता?”

“रागार जाशात.”

“नाय जावचंय.”

“तुमका पान टाकूक येना नाय. हातात काय नसला तरी शेवटपर्यंत बसतात. कित्याक? टाकलात तर मास्तर चुकले असा होतला. अहो, आमी काय इन्स्पेक्टर नाय!”

रागावणार नाही असं कबूल केलेले मास्तर चार दिवस घराबाहेर पडले नाहीत. त्यांनी वहीही उघडली नाही. पाचव्या दिवशी ते चटईवर येऊन बसले. हातात गुलामांची जोडी होती. दत्तारामांनी बियांचा ढीग पुढे सरकवला.

“काय मास्तर, भियालात?”

मास्तरांचे कान तापले. हात बियांकडे गेला, थांबला.

“होय,” ते म्हणाले आणि त्यांनी पानं खाली ठेवली.

बाकीच्या दोघांनीही ठेवली. दत्तारामांच्या हातात तीन राजे होते आणि मध्ये जिंकायला चारच बिया. “ह्या काय खेळणा?” ते चिडून म्हणाले. “अशान मजाच गेली!”

सत्यवान पोट धरून हसला. मास्तरांनी पानं गोळा केली, पिसली आणि पुढचा डाव वाटायला घेतला.