शिंगावरचा हात

मित्रांनो, मी एक जुनी पावरी आहे. पावरी म्हणजे काय, असं तुमच्यातल्या निम्म्यांनी आत्ताच एकमेकांना विचारलं असेल. मला ते नवीन नाही. सुकवलेला दुधी भोपळा, त्यात मेणानं बसवलेल्या बांबूच्या नळ्या, पुढे शिंगाचं तोंड आणि मिरवायला चार मोरपिसं, एवढाच माझा देह. भोपळ्यात फुंकायचं, नळ्यांवर बोटं फिरवायची, की शिंगातून सूर निघतो. नवापूरकडच्या डोंगरात माझ्या बहिणी अजून वाजतात. मी मात्र खांडबाऱ्यात एका खुंटीला टांगलेली आहे आणि वाजत नाही. का वाजत नाही, ते सांगते. रागानं बोलेन, पण ऐकून घ्या.

मला वाजवणारा तो नारसिंग. त्याच्या बापानं मला घडवलं. त्यानं परसात वेल लावला, मनासारखा भोपळा धरेपर्यंत वाट पाहिली, मग तो चुलीवरच्या धुरात कित्येक महिने टांगून ठेवला. त्या धुराचा वास माझ्या अंगाला अजून आहे. बापामागून मी नारसिंगच्या हातात आले. लग्नं झाली, डोंगऱ्यादेवाच्या उत्सवातले नाचाचे फेर झाले, नवं धान्य घरात आलं, सगळीकडे मीच पुढे. मी वाजायला लागले की घोरणारी म्हातारी माणसंसुद्धा उठून बसत. जरा बढाई मारते आहे खरी, पण आता दुसरं कोण मारणार माझ्यासाठी?

एकदा बैलगाडीतून पडून माझ्या भोपळ्याला चीर गेली. नारसिंगनं हात टेकले. त्याची बायको भिकुबाई हिनं मात्र मेण ऊन केलं, चिरेत भरलं आणि अंगठ्यानं दाबलं. तिच्या अंगठ्याचा ठसा त्या मेणावर आजही दिसतो.

"थोडी फुसफुस करी, पन वाजी," ती म्हणाली.

तसंच झालं. तेव्हापासून दर तिसऱ्या श्वासाला माझ्यातून बारीकशी 'फुस्स' निघते. भिकुबाई माजघरातून ती ऐकायची आणि हसायची.

आता एक रीत सांगते. ती नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. नारसिंगच्या घरात माणूस गेलं की पावरीवर पोचवणीची चाल वाजते. चाल वाजते तोवर गेलेलं माणूस वाट चालत असतं, असं हे लोक मानतात. वाजवणाऱ्यानं ती स्वतः थांबवायची नाही. घरातल्या दुसऱ्या कुणीतरी पुढे येऊन शिंगाच्या तोंडावर तळवा ठेवायचा आणि सांगायचं, "पुरे आते. पोचनी ती." तेव्हाच ते माणूस पोचतं आणि बसतं. हात पडला नाही, तर ते चालतच राहतं.

दोन वर्षांपूर्वी भिकुबाई गेली. सकाळची वेळ होती. नारसिंगनं मला वाजवलं. सूर त्यानं कुठेही मोडू दिला नाही. शेवटी त्याच्या धाकट्या भावानं, दोधूनं, शिंगावर तळवा ठेवला आणि ते शब्द म्हटले. मी गप्प झाले. मुलगी रिना शेजारीच उभी राहून मोबाईलवर हे सगळं टिपत होती. आईची आठवण राहावी, एवढंच तिच्या मनात होतं. त्यासाठी तिला मी दोष का देऊ?

ही रिना आश्रमशाळेत वाढली, मग कॉलेजात गेली. लग्नाची चाल कुठली आणि पोचवणीची कुठली, हे तिला कळत असे, पण पोचवणीचा शेवट तसाच का करतात, ते तिला कुणी सांगितलं नाही. घरी होती कधी ती सांगायला? आता ती घरात बसून गुजरातेतल्या एका कंपनीचं काम करते. काम असं की, काही लोक मोबाईलवरचे खेळ खेळतात आणि खेळताना जगाला थेट दाखवतात. मागे कुणाचं गाणं वाजलं, तर गाण्याचा मालक तक्रार करतो आणि सगळा व्हिडिओ खाली उतरतो. म्हणून त्यांना असं संगीत लागतं, ज्याला मालकच नाही. ते एआय बनवतं. रिना त्याला लिहून सांगते, 'शांत, जंगलातलं, जरा उदास, न संपणारं', आणि मशीन घडीभरात सूर ओतून देतं. फुंकायला कुणी नाही, दम लागायला कुणी नाही.

एक दिवस कंपनीनं सांगितलं, की सगळे सूर सारखेच वाटतात, मशीनला काही वेगळं ऐकवा. रिनाकडे वेगळं म्हणून एकच होतं. आईच्या पोचवणीचं. 'या आवाजाचे हक्क माझेच आहेत' अशी कंपनीची एक ओळ होती, तिच्यापुढे रिनानं खूण केली आणि ते मशीनला देऊन टाकलं. पण देण्याआधी तिनं शेवट कापला. दोधूचा तळवा कापला, त्याचे शब्द कापले. माणसाचा आवाज नको, आणि शेवट सुरुवातीला बिनजोड मिळाला पाहिजे, अशी कंपनीची अट होती. मी खुंटीवरून पाहत होते. मला तोंड आहे, मित्रांनो, पण दुसऱ्याच्या श्वासाशिवाय ते उघडत नाही.

पुढे काही महिन्यांनी नारसिंग छगनच्या सलूनमध्ये दाढीला गेला. जाताना मला बरोबर नेलं होतं, कारण तिथून त्याला एका लग्नघरी जायचं होतं. छगननं आरशाशी मोबाईल टेकवून ठेवला होता. त्यात कुणी शहरी पोरगा बंदुकांचा खेळ दाखवत होता. मध्येच तो चहाला उठला. पडद्यावर मोठी अक्षरं आली, 'कुठे जाऊ नका, लगेच परत येतोय', आणि मागे सूर सुरू झाला. नारसिंगची मान ताठ झाली. तिसऱ्या श्वासाला बारीकशी 'फुस्स' आली.

"नारसिंगदादा, मान नका हालाडू, वस्तरा लागी जाई," छगन म्हणाला.

"हाई कोन वाजाडी ऱ्हायना?"

"कोनीच नही. मशीननी चाल शे. कितला बी येळ वाजस, बंदच व्हत नही."

नारसिंग अर्ध्या दाढीनं तसाच बसून राहिला. तो शेवटाची वाट पाहत होता, मला कळत होतं. शेवट आला नाही. चाल पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. त्यानं उठून मोबाईलवर तळवा ठेवला. आवाज दबला, पण बोटांमधून येतच राहिला. लग्नघरी आम्ही गेलोच नाही.

घरी येऊन त्यानं रिनाला विचारलं, "तुन्ही मायनी चाल त्या मोबाईलमा कशी गयी?"

"बा, ती आपली चाल नही शे. मशीननं नवी बनाई."

"आनि भिकुनी फुसफुस? ती बी मशीननं बनाई का?"

रिनानं हातातला मोबाईल पालथा ठेवला.

"दोधूना हात कोठे गया?"

"तो मी कापा, बा. मानूसना आवाज नको व्हता त्यास्ले."

नारसिंग खाली बसला. "मंग ती आजून चाली ऱ्हायनी," एवढंच तो म्हणाला. मग त्यानं रीत काय आहे ते तिला सांगितलं. कितीतरी वर्षं उशिरा सांगितलं, हे मी त्याच्या तोंडावरही म्हणेन. रिना ओक्साबोक्शी रडली.

तिनं कंपनीला लिहिलं, की ही माझ्या आईची चाल आहे, काढून टाका. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. आमच्या तपासणीत ही चाल कुणाच्याही चालीशी जुळत नाही, ती पूर्ण सुरक्षित आहे. सुरक्षित! कुणापासून? आमच्यापासूनच ना?

मग नारसिंगनं मला पुन्हा एकदा वाजवलं. दोधूनं तळवा ठेवला, शब्द म्हटले. सगळ्यांना वाटलं, झालं. दुपारी शेजारच्या घरातल्या मोबाईलवर तीच चाल पहिल्यापासून सुरू झाली.

"आपला हात कितला ठिकाने पुरतीन रे भो?" दोधू म्हणाला. त्या दिवशी नारसिंगनं मला खुंटीला टांगलं, ते आजतागायत. रिना अजून तेच काम करते. दुसरं काम खांडबाऱ्यात आहे कुठे? फक्त आता ती माझ्याकडे पाठ करून बसते.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसून ठेवा, जपा, असं सांगून मी तुमचा वेळ घेणार नाही. माझ्यावरची धूळ मला बोचत नाही. एकच मागते. खेळ खेळताना कधी मागे एखादी उदास चाल वाजली आणि दर तिसऱ्या श्वासाला बारीकशी 'फुस्स' ऐकू आली, तर खेळ थांबवा. मोबाईलवर तळवा ठेवा आणि मोठ्यानं म्हणा, "पुरे आते. पोचनी ती." मग तो बंद करा. भिकुबाई तुमची कुणी नाही, हे खरं. पण चालून चालून तिचे पाय दुखत असतील.